सोमवारी सकाळी न उघडणारी साईट

सातारा जिल्ह्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या मानद सचिवांचे सविस्तर पत्र आले आहे. नाव छापू नये अशी त्यांची विनंती असल्यामुळे पत्रातील आवश्यक तेवढा मजकूर येथे देत आहे.

“आमच्या संस्थेच्या कार्यालयात सुमारे दहा वर्षांपूर्वी घेतलेला डेस्कटॉप असून त्यावर विंडोज १० आहे. सभासदांच्या मेंटेनन्सचा भरणा तपासण्यासाठी आमच्या सहकारी बँकेची साईट रोज उघडावी लागते. गेल्या काही महिन्यांपासून दर सोमवारी सकाळी ही साईट उघडत नाही. ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’ असे लिहिलेले पान येते आणि खाली बारीक राखाडी अक्षरांत ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’ असे काहीतरी असते. इतर साईटही तशाच अडतात. दुपारी खजिनदार पावत्या छापून गेले की त्यानंतर सर्व आपोआप सुरळीत होते आणि शनिवारपर्यंत तक्रार राहत नाही. रविवारी कार्यालय बंद असते व वॉचमन मेन स्विच बंद करतो. हिस्टरी पुसून पाहिली, ब्राउझर काढून पुन्हा टाकला, राऊटर बंद-चालू केला. कॉम्प्युटरच्या दुकानात विंडोज नव्याने टाकावे लागेल, दीड हजार रुपये होतील, असे सांगितले. कॉम्प्युटर जुना झाला आहे हे खरेच. सोमवारी तो सुरू करताना काळ्या पडद्यावर इंग्रजी वाक्य येते, एफ-वन दाबावे लागते, आणि पावत्यांवर तारीख चुकीची येते म्हणून खजिनदार ती आधी दुरुस्त करून घेतात. एकदा हिशेबाच्या सॉफ्टवेअरची साईट अशीच अडली असता त्यांनी ‘प्रोसीड’ या शब्दावर दाबून आत प्रवेश केला होता. बँकेच्या पानावर मात्र तो शब्दच दिसत नाही. दुसरे असे की, माझ्या घरच्या लॅपटॉपवर बँकेचा जतन केलेला पत्ता पूर्वी उघडत असे, आता मात्र कधीच उघडत नाही. तेथे ‘धिस साईट कान्ट बी रीच्ड’ असे येते व शेवटी ‘एनएक्सडोमेन’ हा शब्द असतो. मोबाईलवर मात्र बँकेचे ॲप व्यवस्थित चालते. नक्की बिघाड कोठे आहे?”

सचिव महोदय, सर्वप्रथम विनंती अशी की कॉम्प्युटर दुकानात देऊ नये आणि विंडोजही नव्याने टाकू नये. बिघाड कोठे आहे हे आपण स्वतःच पत्रात लिहिले आहे. फक्त ते कॉम्प्युटरच्या म्हातारपणाच्या खात्यात टाकून आपण पुढे गेलात. आपल्या कार्यालयातील आणि घरातील या दोन वेगवेगळ्या तक्रारी असून दोन्हींचे वर्णन आपण ‘साईट उघडत नाही’ या एकाच वाक्यात केले आहे. पडद्यावर येणारे संदेश मात्र निरनिराळे आहेत, आणि उपायही निरनिराळे आहेत.

कार्यालयाचे आधी पाहू. सोमवारी सकाळी बिघडणारी गोष्ट दुपारी खजिनदारांच्या येण्यानंतर सुधारते, हे आपण ‘आपोआप’ या शब्दात गुंडाळले आहे. पण त्यात आपोआप असे काहीही नाही. खजिनदार पावत्या छापण्याआधी कॉम्प्युटरची तारीख दुरुस्त करतात, आणि त्या क्षणापासून बँकेची साईट उघडू लागते. पावतीच्या सोयीसाठी केलेली ही दुरुस्तीच खरा उपाय आहे. तो दर आठवड्याला नकळत केला जात आहे, एवढेच.

तारखेचा आणि साईटचा संबंध काय, हा प्रश्न स्वाभाविक आहे. बँकेच्या साईटच्या पत्त्याआधी जे ‘एचटीटीपीएस’ असते, त्यातील शेवटच्या अक्षराचा अर्थ असा की ब्राउझर आणि बँकेचा सर्व्हर (साईट पुरवणारा तिकडचा कॉम्प्युटर) यांच्यातील मजकूर सांकेतिक रूपात जातो आणि तत्पूर्वी सर्व्हर आपली ओळख पटवणारे प्रमाणपत्र दाखवतो. हे प्रमाणपत्र एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेने दिलेले असते आणि त्यावर दोन तारखा असतात: केव्हापासून लागू आणि केव्हापर्यंत लागू. ब्राउझर या दोन तारखांची तुलना कॉम्प्युटरच्या घड्याळाशी करतो. आपल्या कॉम्प्युटरला सोमवारी सकाळी समजा १ जानेवारी २०१५ ही तारीख वाटत असेल, तर अलीकडे दिलेले प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून सुरूच झालेले नसते. म्हणून तो ‘सर्ट डेट इनव्हॅलिड’, म्हणजे प्रमाणपत्राची तारीख ग्राह्य नाही, असे सांगून थांबतो. प्रमाणपत्राची मुदत खरोखर संपली असेल तरीही हाच संदेश येतो. त्यामुळे संदेश वाचल्यावर पहिला प्रश्न हा विचारावा लागतो की चूक बँकेच्या प्रमाणपत्राची आहे की आपल्या घड्याळाची.

त्याचे उत्तर त्याच पानावर मिळते, हे फार कमी जणांना ठाऊक असते. क्रोममध्ये या पानावर ‘ॲडव्हान्स्ड’ असे बटण असते. ते दाबले की खाली एक परिच्छेद उघडतो आणि त्यात आपल्या कॉम्प्युटरवर सध्या कोणता वार व कोणती तारीख आहे हे लिहून, ‘ही बरोबर वाटते का?’ असे विचारलेले असते. काही वेळा तर ‘युअर क्लॉक इज बिहाइंड’, म्हणजे आपले घड्याळ मागे आहे, असे मोठ्या अक्षरांतच येते. हे पान दिसताच माणसे घाबरून ते बंद करतात किंवा पुढे जाण्याची पळवाट शोधतात. मजकूर मात्र वाचत नाहीत. पुढच्या सोमवारी आपण तो शांतपणे वाचावा, आणि मोबाईलने त्याचा फोटोही काढून ठेवावा.

आता घड्याळ मागे का जाते? प्रत्येक डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर, म्हणजे आतील मुख्य सर्किटच्या पट्टीवर, साधारण रुपयाच्या नाण्याएवढा एक चपटा, गोल सेल असतो. त्यावर बहुतेक वेळा ‘सीआर २०३२’ असे कोरलेले असते. म्हणजे व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. त्याचा दाब ३ व्होल्ट असतो. कॉम्प्युटरला वीज मिळत नसताना घड्याळ चालू ठेवणे आणि सुरुवातीच्या काही मूलभूत नोंदी सांभाळणे, एवढेच त्याचे काम. कॉम्प्युटर बंद असला तरी जोपर्यंत प्लगमध्ये वीज आहे तोपर्यंत पॉवर सप्लाय मदरबोर्डला थोडी वीज पुरवत राहतो, त्यामुळे सोमवार ते शनिवार रात्री आपले घड्याळ टिकते. शनिवारी रात्री वॉचमन मेन स्विच बंद करतो, रविवारचा पूर्ण दिवस घड्याळ केवळ सेलवर अवलंबून राहते, आणि दहा वर्षांचा सेल तेवढा भार पेलू शकत नाही. सोमवारी मदरबोर्डजवळ कोणतीही तारीख शिल्लक नसते, म्हणून तो कारखान्यातून निघताना दिलेली जुनी तारीख धरतो आणि काळ्या पडद्यावर तशी सूचना देऊन एफ-वन दाबण्याची वाट पाहतो. त्या सूचनेत बहुधा ‘सीएमओएस’, ‘बॅटरी’ किंवा ‘डेट अँड टाइम नॉट सेट’ यांपैकी काही शब्द सापडतील. वॉचमनचा यात काडीचाही दोष नाही, आणि मेन स्विच बंद करण्याची त्याची सवय त्याने मुळीच मोडू नये.

हा सेल घड्याळदुरुस्तीच्या, इलेक्ट्रिकच्या किंवा मोबाईलच्या कोणत्याही बऱ्या दुकानात शंभर रुपयांच्या आत मिळतो. बदलण्याचे काम अवघड नाही, मात्र क्रमाने करावे. कॉम्प्युटर बंद करून, प्लग काढून, पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरावे, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटची बाजूची पत्री उघडल्यावर तिच्या आतील रंग न लावलेल्या धातूला एकदा हात लावावा, कारण अंगावरील स्थिर विजेचा झटका मदरबोर्डला सोसत नाही. सेल ज्या खाचेत बसवलेला असतो तिच्या कडेला एक लहान खिटी असते; ती नखाने बाजूला दाबली की सेल वर उचलला जातो. जुन्या सेलवर अधिक चिन्हाची बाजू कोणत्या दिशेला होती हे पाहून नवा त्याच दिशेने बसवावा; ती बहुतेक ठिकाणी वरच्या बाजूला असते. स्क्रू-ड्रायव्हरने सेल उचकटण्याचा मोह टाळावा, कारण खिटी तुटली तर शंभर रुपयांचे काम खरोखरच दुकानाचे होते.

सेल बदलल्यानंतर पहिल्या वेळी पुन्हा काळा पडदा येईल. त्या वेळी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी दिसणाऱ्या, कॉम्प्युटरच्या मूलभूत सेटिंगच्या पानांवर) जाऊन तारीख व वेळ भरावी आणि ‘सेव्ह अँड एक्झिट’ करावे. काही जुन्या कॉम्प्युटरमध्ये सेल निघाल्यावर हार्ड डिस्क कोणत्या पद्धतीने वाचायची याची नोंदही मूळ स्थितीला जाते आणि मग विंडोज सुरूच होत नाही. म्हणून सेल काढण्यापूर्वी बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाईलने फोटो घेऊन ठेवणे शहाणपणाचे ठरेल. आपला कॉम्प्युटर दर सोमवारी तारीख विसरूनही एफ-वन दाबताच चालू होतो, यावरून आपल्याकडे ही अडचण येण्याची शक्यता कमी दिसते. तरी फोटो घ्यावेतच.

विंडोज सुरू झाल्यावर उजव्या कोपऱ्यातील घड्याळावर माऊसचे उजवे बटण दाबून तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये जावे. तेथे वेळ आपोआप घेण्याचा पर्याय चालू असावा आणि टाइम झोनच्या यादीत चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली ही नावे असलेली ओळ निवडलेली असावी. येथे एक जुनी खोच आहे. इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय असताना विंडोज स्वतःच तारीख का सुधारत नाही, असे आपल्याला वाटले असेल. फरक काही मिनिटांचा असेल तर ते सुधारते. पण घड्याळ कित्येक वर्षांनी मागे असेल तर एवढी मोठी दुरुस्ती विंडोज बहुधा स्वतःहून स्वीकारत नाही. म्हणून आधी हाताने तारीख व वेळ जवळपास बरोबर करावी आणि मग ‘सिंक नाऊ’ दाबावे. टाइम झोन चुकीचा ठेवून फक्त काटे जुळवून घेण्याची चूक मात्र करू नये. घड्याळ दिसायला बरोबर दिसते, पण कॉम्प्युटरच्या मनातील जागतिक वेळ काही तासांनी चुकलेली राहते, आणि नुकतेच बदललेले प्रमाणपत्र त्या चुकीत सापडू शकते.

प्रमाणपत्रे वारंवार बदलण्याचे प्रमाण तर आता वाढतच जाणार आहे. सप्टेंबर २०२० पासून अशा प्रमाणपत्राची मुदत जास्तीत जास्त ३९८ दिवस अशी मर्यादित होती. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर तयार करणाऱ्या कंपन्या यांच्या सामाईक मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये जो ठराव केला, त्यानुसार ही मर्यादा १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० दिवस आणि २०२९ च्या मार्चपासून केवळ ४७ दिवस अशी उतरत जाणार आहे. मुदत जितकी आखूड, तितके चुकीच्या घड्याळाला सवलत कमी. पूर्वी महिना-दोन महिने मागे राहिलेला कॉम्प्युटरही बऱ्याच साईट विनातक्रार उघडत असे. यापुढे ते दिवस राहणार नाहीत.

‘प्रोसीड’ या शब्दाविषयी आपण विचारले नाही, पण उल्लेख केला आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बँकेच्या पानावर तो शब्द दिसत नाही यात ब्राउझरचा बिघाड नाही. ज्या साईटला सुरक्षिततेबाबत कसलीही तडजोड नको असते, ती ब्राउझरला आगाऊ कळवून ठेवते की माझ्याशी केवळ सुरक्षित जोडणीनेच बोलावे आणि प्रमाणपत्रात शंका असल्यास वापरणाऱ्याला पुढे जाण्याचा पर्यायच देऊ नये. या व्यवस्थेला ‘एचएसटीएस’ म्हणतात आणि तिचे मानक नोव्हेंबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्या बँकेने ती लागू केलेली दिसते, ही चांगली गोष्ट आहे. हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या साईटने ती केलेली नसावी, म्हणून तेथे पळवाट राहिली. खजिनदारांनी त्या दिवशी पळवाटेने आत जाऊन पासवर्ड टाकला असेल, तर कारण केवळ घड्याळाचे असल्यामुळे प्रत्यक्ष नुकसान झाले असण्याची शक्यता फारच कमी आहे; तरीही तो पासवर्ड आता बदलून टाकावा, आणि तोच पासवर्ड बँकेसाठीही ठेवला असेल तर बँकेचा आधी बदलावा. पैशांचा किंवा पासवर्डचा संबंध असलेल्या पानावर असा इशारा येत असताना पुढे जाणे, हे माझ्या मते कोणत्याही घाईत समर्थनीय नाही. मध्येच कोणीतरी बँकेचे सोंग घेऊन बसले असेल तर ब्राउझर आपल्याला ज्या एकमेव मार्गाने सावध करू शकतो तो हाच इशारा असतो, आणि ‘तो नेहमीच येतो’ असे म्हणण्याची सवय जडली की खऱ्या प्रसंगीही बोट त्याच शब्दावर जाते.

आता घरच्या लॅपटॉपकडे वळू. तेथील ‘एनएक्सडोमेन’ या शब्दाचा अर्थ, या नावाचा पत्ता अस्तित्वातच नाही, असा होतो. आपण ब्राउझरमध्ये जे नाव टाकतो त्याचे रूपांतर सर्व्हरच्या आकडी पत्त्यात करावे लागते आणि हे काम १९८३ पासून वापरात असलेली डीएनएस नावाची यंत्रणा करते. लॅपटॉपने त्या यंत्रणेला विचारले, तिने ‘असे नाव नोंदीत नाही’ असे उत्तर दिले, आणि प्रकरण तेथेच संपले. प्रमाणपत्र, तारीख, पासवर्ड यांच्यापर्यंत गाडी पोहोचलीच नाही. म्हणूनच कार्यालयातील उपाय येथे करून काहीही साधणार नाही, आणि येथील उपाय तेथे करून आपण केवळ वेळ घालवाल.

असे उत्तर येण्याची कारणे मोजकी आहेत. पत्त्यात एखादे अक्षर चुकले असेल, आपल्या इंटरनेट कंपनीच्या डीएनएसमध्ये दोष असेल, किंवा ते नाव खरोखरच बंद झाले असेल. पहिले कारण आपल्या बाबतीत संभवत नाही, कारण आपण जतन केलेला पत्ता वापरता आणि पूर्वी तो चालत होता. उरलेल्या दोहोंतील निवाडा करण्यासाठी मोबाईलचे वायफाय बंद करून, सिमकार्डाच्या डेटावर, मोबाईलच्या ब्राउझरमध्ये तोच पत्ता जसाच्या तसा टाकून पाहावा. ॲप चालते यावरून येथे काहीच सिद्ध होत नाही, कारण ॲप ज्या सर्व्हरशी बोलते त्याचे नाव साईटच्या नावापेक्षा वेगळे असू शकते. मोबाईलवर तो पत्ता उघडला, तर दोष घरच्या जोडणीच्या डीएनएसचा समजावा. तेथेही न उघडला, तर ते नाव बंद झालेले समजावे.

आपल्या बाबतीत ते नाव बंद झाले असावे, असा माझा अंदाज आहे. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या एप्रिलमध्ये परिपत्रक काढून सर्व बँकांना आपल्या साईट ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाच्या नव्या पत्त्यावर नेण्यास सांगितले होते आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही अंतिम तारीख दिली होती. या शेवटाचे पत्ते रिझर्व्ह बँकेने स्थापन केलेली हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते आणि ते केवळ बँकांना मिळतात. बनावट नावाच्या साईटवर ग्राहक फसू नये हा त्यामागील हेतू. बऱ्याच बँकांनी जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय ठेवली आहे, त्यामुळे ग्राहकांना हा बदल जाणवलाही नसेल. पण एखाद्या बँकेने जुने नाव सोडून दिले असेल, किंवा आपण मुखपृष्ठाऐवजी आतील लॉगिनच्या पानाचाच पत्ता जतन केला असेल आणि त्याचे वेगळे नाव आता बंद झाले असेल, तर आपल्याला दिसतो तसाच संदेश दिसेल. कार्यालयात दुपारनंतर साईट उघडते म्हणता, तेव्हा तेथील पत्त्याच्या पट्टीतील नाव आणि लॅपटॉपवर जतन केलेले नाव शेजारी शेजारी लिहून पाहावे. फरक दिसला तर जुनी नोंद पुसून नवी जतन करावी, म्हणजे हे प्रकरण मिटेल.

नवा पत्ता मिळवताना एक पथ्य पाळावे. सर्च करून जे पहिले नाव येईल त्यावर दाबू नये, कारण वर येणारी पहिली ओळ जाहिरातीचीही असू शकते. पत्ता पासबुकावरून, बँकेच्या पत्रावरून किंवा शाखेत विचारून घ्यावा. तीच गोष्ट कस्टमर केअरच्या क्रमांकाची. साईट अडली की लोक घाईघाईने क्रमांक शोधतात, पलीकडून गोड आवाजात ‘एक ॲप घ्या, मी इथूनच दुरुस्त करून देतो’ असे सांगितले जाते, आणि त्या ॲपमधून आपला पडदा समोरच्याच्या ताब्यात जातो. पडदा दाखवणाऱ्या अशा ॲपविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. संस्थेच्या खात्यात सर्व सभासदांचा पैसा असतो, म्हणून खजिनदारांनाही हे स्पष्ट शब्दांत सांगून ठेवावे. कधी तसा प्रकार घडलाच, तर सायबर फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या १९३० या क्रमांकावर ताबडतोब कळवावे. अशा वेळी तासाभराचा विलंबही महाग पडतो.

मोबाईलवर जुना पत्ता व्यवस्थित उघडला आणि दोष घरच्या डीएनएसचा निघाला, तर लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये डीएनएसचा क्रमांक स्वतः भरता येतो. गुगलची सेवा ८.८.८.८ या, तर क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ या क्रमांकावर विनामूल्य मिळते. आकडे अर्थातच इंग्रजीत टाकावेत. बदल केल्यावर लॅपटॉप एकदा बंद करून चालू करावा, म्हणजे पूर्वीची साठवलेली उत्तरे पुसली जातात. कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर मात्र हा बदल करू नये. तेथे डीएनएसची काहीच तक्रार नाही.

हिस्टरी पुसण्याचा उपाय आपण करून पाहिलात आणि तो लागू पडला नाही, याचे आश्चर्य वाटायला नको. पान अर्धवट उघडते, लॉगिन केल्यावर पुन्हा लॉगिनचेच पान येते किंवा ‘टू मेनी रीडायरेक्ट्स’ असा संदेश येतो, अशा वेळी साठवलेल्या कुकीज (साईटने ब्राउझरमध्ये ठेवलेल्या लहान नोंदी) पुसून उपयोग होतो; तेव्हाही सर्व साईटच्या न पुसता त्या एका साईटच्याच पुसाव्यात आणि त्याआधी इन्कॉग्निटो, म्हणजे जुन्या कुकीज न वापरणाऱ्या, खिडकीत साईट उघडून खात्री करून घ्यावी. ‘टाइम्ड आउट’ किंवा ‘रिफ्यूज्ड’ असे आले, तर बहुधा पलीकडचा सर्व्हरच बंद असतो आणि चहा घेऊन पुन्हा प्रयत्न करण्यापलीकडे आपल्या हाती काही नसते.

दुकानदाराच्या सल्ल्याबद्दल एवढेच सांगतो की विंडोज नव्याने टाकल्यावर त्या दिवशी साईट उघडली असती, कारण ते टाकताना त्याने तारीख बरोबर केली असती. आणि पुढच्या सोमवारी आपण पुन्हा तेथेच आला असता, दीड हजार रुपये खर्चून, कदाचित पावत्यांचे जुने हिशेब गमावून. दुकानदाराने मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही. त्याला आपण फक्त ‘साईट उघडत नाही’ एवढेच सांगितले असावे, आणि काळा पडदा त्याच्या समोर कधी आलाच नसेल. हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर काढून ठेवण्याचे काम मात्र आपण सेल बदलण्याआधी करावे. ते कोणत्याही परिस्थितीत करायलाच हवे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. बँकेचे काम होणाऱ्या कॉम्प्युटरसाठी हा मुद्दा गंभीर आहे आणि पुढील वार्षिक सभेत नव्या कॉम्प्युटरचा विषय घ्यावा असे मी सुचवीन. पण सोमवारच्या अडचणीशी त्याचा संबंध नाही, आणि ती अडचण दाखवून कोणी नवा कॉम्प्युटर विकू पाहील तर त्याला सेलची आठवण करून द्यावी.

सेल बदलल्यानंतर पहिल्या शनिवारी वॉचमनला नेहमीप्रमाणे मेन स्विच बंद करू द्यावा. सोमवारी काळा पडदा न येता कॉम्प्युटर सुरू झाला आणि कोपऱ्यातील तारीख बरोबर दिसली, म्हणजे काम झाले. नवा सेल असूनही तारीख गेली, तर सेलच्या खाचेचा किंवा मदरबोर्डचा दोष समजून कॉम्प्युटर दुकानात न्यावा आणि तेथे नेमके हेच सांगावे. तारीख बरोबर असूनही ‘सर्ट’ हा शब्द असलेला संदेश येत राहिला, तर अँटिव्हायरस मध्ये पडून स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करत असण्याची शक्यता तपासावी लागेल. त्यासाठी त्या पानाचा फोटो, खालच्या राखाडी ओळीसह, आणि अँटिव्हायरसचे नाव व मुदत मला कळवावी.